आईच्या कमरेच्या मणक्यांचं ऑपरेशन: करावं की थांबावं?

तिलकनगर_इंदूर

नमस्कार मंडळी. आईबद्दल सल्ला हवा आहे, आणि त्याआधी हे दुखणं नीट समजून घ्यायचं आहे.

आई ७१ वर्षांची, निवृत्त शिक्षिका. मधुमेह आहे, मेटफॉर्मिन चालू आहे, साखर बऱ्यापैकी ताब्यात. थोडं चाललं की दोन्ही मांड्या आणि पोटऱ्या भरून येतात, पाय शिशासारखे होतात म्हणते, तळव्यांना मुंग्या येतात. भाजीवाल्यापर्यंत जाताना दोनदा टेकावं लागतं. बसली की चार-पाच मिनिटांत मोकळी. घरात मात्र ओट्यापाशी जरा वाकून तासभर काम करते, तेव्हा तक्रार नाही.

एमआरआयच्या रिपोर्टात लिहिलंय: एल ४-५ ला (कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांपाशी) सिव्हिअर कॅनॉल स्टेनोसिस, ग्रेड १ लिस्थेसिस, लिगामेंटम फ्लेव्हम जाड झालेलं, सगळ्याच चकत्या सुकलेल्या. एका सर्जननी रिपोर्ट बघून सांगितलं की स्क्रू आणि रॉड घालून फ्यूजन करा, म्हणजे मणके एकमेकांना जोडून टाका, लवकर करा, नाहीतर पाय जातील. दुसऱ्यांचं म्हणणं, या वयात कशाला, गोळ्या घ्या आणि व्यायाम करा. दोघेही जाणते, दोघांकडे गर्दी. मामा म्हणतात मालिशवाल्याकडे न्या. आई स्वतः म्हणते, "तू ठरव." हे 'तू ठरव' फार जड आहे.

नक्की काय होतंय, आणि निर्णय कशाच्या आधारावर घ्यायचा?

मोरसली_गल्ली

ताई, तुम्ही लिहिलेलं सगळं मी भोगलंय. राजवाड्याहून घरी येताना दर दुकानाच्या पायरीवर बसत होतो. दुकानदार ओळखायला लागले होते, पाणी आणून देत. गंमत अशी की सायकल मात्र कितीही चालवायचो, कारण सायकलवर माणूस पुढे झुकलेला असतो.

गोळ्या झाल्या, कमरेत इंजेक्शन झालं, त्याने थोडे आठवडे बरं वाटलं. शेवटी ऑपरेशन केलं. माझं फक्त डीकॉम्प्रेशन झालं, म्हणजे मागचं हाड आणि जाड झालेलं लिगामेंट काढून नसांना जागा करून दिली. स्क्रू नाही घातले. दुसऱ्या दिवशी चालवलं. कंबर अजून अधूनमधून दुखते, पण पायांचा जडपणा गेला. आता पिपल्यापाल्याच्या रीजनल पार्कला पूर्ण फेरी मारतो.

क्षिप्रातीर

माझं मत सरळ उलट. पाठीच्या ऑपरेशनच्या वाटेला जाऊ नका. सासऱ्यांचं झालं, वर्षभराने वरच्या मणक्यात तेच, पुन्हा ऑपरेशन. दुसऱ्या वेळेनंतर ते घराबाहेर पडलेच नाहीत. रिपोर्टमध्ये 'सिव्हिअर' लिहिलं म्हणून घाबरून टेबलावर चढू नये. सत्तरीनंतर कुणाचाही एमआरआय काढा, काहीतरी निघतंच.

पैठणी

आमच्या मावशीला हेच आहे. शीतलामाता बाजारात चालता चालता पाय भरून आले की ती समोरच्या साडीच्या दुकानात गादीवर बसते. गादीवर बसलं की दुकानदार साड्या उलगडतो. उलगडल्या की एखादी घ्यावी लागते. काका म्हणतात, ऑपरेशन स्वस्त पडेल :)

जुना_एमजीएम

मी हाडांचा डॉक्टर. इंदूरच्या एमजीएम कॉलेजात शिकलो, मणक्यांचं काम बरीच वर्षं केलं, आता निवृत्त आहे. पैठणी यांनी मावशींचं जे सांगितलं ते या आजाराचं अगदी नेमकं लक्षण आहे. त्याला न्यूरोजेनिक क्लॉडिकेशन म्हणतात.

दोन मणक्यांच्या मधली चकती म्हणजे डिस्क. आत मऊ, पाणीदार गर आणि भोवती चिवट तंतूंची कडी. प्रौढ माणसाच्या डिस्कला रक्तपुरवठा जवळजवळ नसतो, वरच्या-खालच्या मणक्यांतून पाझरून येईल त्यावर ती जगते. म्हणून ती लवकर थकते आणि भरून फारशी येत नाही. वयाबरोबर पाणी कमी होतं, उंची घटते, भार मागच्या छोट्या सांध्यांवर, म्हणजे फॅसेट जॉइंटवर येतो. ते सांधे झिजतात, जाड होतात, कडांना हाड वाढतं, पिवळं लिगामेंट दुमडून फुगतं. जुन्या इंदुरातल्या गल्लीत दोन्ही बाजूंचे ओटे पुढे पुढे आले की मधून जायला जागा उरत नाही, तसं मज्जानलिकेचं होतं, यालाच स्टेनोसिस म्हणतात. सांधे सैल पडले की वरचा मणका खालच्यावर किंचित पुढे घसरतो, ती तुमच्या रिपोर्टातली लिस्थेसिस. ग्रेड १ म्हणजे पाव भागापर्यंतची घसरण.

उभं राहिल्यावर आणि मागे झुकल्यावर ही नळी आणखी अरुंद होते, पुढे वाकल्यावर मोकळी होते. म्हणून ओट्यापाशी त्रास नाही आणि रस्त्यावर आहे. हेंक व्हर्बीस्ट या डच न्यूरोसर्जननी १९५४ साली हे चित्र स्पष्टपणे मांडलं. एक भेद लक्षात ठेवा: पायाच्या रक्तवाहिन्या अडलेल्या असतील तरीही चालताना पोटऱ्या दुखतात, पण तो माणूस नुसता उभा राहिला तरी बरा होतो. मणक्याच्या माणसाला बसावं किंवा वाकावं लागतं. मधुमेह असल्याने पायाची नाडी तपासून घ्या.

क्षिप्रातीर यांचा एक मुद्दा अगदी बरोबर आहे. २०१५ साली एक मोठा आढावा निघाला, काहीही त्रास नसलेल्या ३,११० लोकांच्या तपासण्यांचा. विशीतल्या ३७ टक्के लोकांत डिस्कची झीज दिसली आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत. त्रास कुणालाच नव्हता. म्हणून फक्त फिल्म बघून ऑपरेशन सुचवणं मला कधीच पटलं नाही. आईंच्या बाबतीत मात्र फिल्म आणि लक्षणं जुळतात.

'पाय जातील' हे भय बहुतेकांच्या बाबतीत खरं नसतं. कमरेचा स्टेनोसिस सावकाश चालतो, पुष्कळ लोक वर्षानुवर्षं तिथेच राहतात, काही थोडे सुधारतातही. अपवाद हा: लघवी अडणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, बैठकीच्या जागेची संवेदना जाणं, पाऊल लुळं पडणं. यातलं काही झालं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या हॉस्पिटलात.

मला काही विचारायचं आहे. तोल कसा आहे? जिना कसा चढतात-उतरतात? हातांची काही तक्रार? बी-१२ जीवनसत्त्व तपासलंय का?

तिळाचं_तेल

आईला कटीबस्ती, म्हणजे कमरेवर कोमट तेल धरून ठेवायचा आयुर्वेदिक उपचार, करून घेतली होती, पंधरवडाभर. झोप लागायला लागली, कंबर सैल झाली. ऑपरेशनच्या आधी हा मार्ग बघायला काय हरकत आहे? सगळं एकदम चाकूवर का न्यायचं?

जुना_एमजीएम

@तिळाचं_तेल, काही हरकत नाही. शेकाने आणि तेलाने आखडलेले स्नायू सैल होतात, झोप लागते, ते खरं सुख आहे. नळी त्याने रुंद होत नाही एवढंच. माझा विरोध आहे तो मान-कंबर झटक्याने मुरगाळून 'मणका बसवून देतो' म्हणणाऱ्यांना. वयस्क माणसाच्या हाडांना आणि आधीच दाबलेल्या मज्जारज्जूला तो झटका फार महाग पडू शकतो. मामांना हे माझ्या वतीने सांगा.

विजयनगर२९

डॉक्टरसाहेब, मी २९ वर्षांचा, दिवसभर लॅपटॉप. एल ५-एस १ ला, म्हणजे कमरेच्या सगळ्यात खालच्या चकतीला, बल्ज (फुगवटा) निघालाय, रिपोर्टात 'डीजनरेटिव्ह डिस्क डिसीज' लिहिलंय. ते वाचल्यापासून मी जिमला जाणं बंद केलंय, बाइकपण सोडली. बाणगंगेच्या बाजूच्या खड्ड्यांत तर जीव मुठीत धरून जातो. माझंही पुढे आईंसारखं होणार का?

पाऊलवाट

मी फिजिओथेरपिस्ट. @विजयनगर२९, पळणं बंद करू नकोस रे. डीजनरेटिव्ह या शब्दाने तरुण मुलं नुसती आजारी पडतात. पायात कळ जात नाही, ताकद कमी नाही, तर तुझ्यासाठी हालचाल हेच औषध. जिम चालू कर, वजन हळूहळू वाढव, वाकायला भिऊ नकोस. एक मात्र सांग: सकाळी उठल्यावर कंबर अर्ध्या तासाहून जास्त आखडलेली असते का, आणि आरामाने वाढून हालचालीने कमी होते का? पहाटे दुखून जाग येते का? तसं असेल तर ते झिजेचं नसून अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसचं असू शकतं. तो सुजेचा आजार, तरुणपणीच सुरू होतो, त्याचे डॉक्टर वेगळे, औषधं वेगळी.

आता ताईंच्या आईंसाठी. आमच्याकडे येणाऱ्या आजी-आजोबांना सगळ्यांना कुणीतरी 'मागे वाकायचे' व्यायाम दिलेले असतात. भुजंगासन, सेतुबंध. तरुणाच्या सरकलेल्या डिस्कला त्याचा उपयोग होतो, स्टेनोसिसमध्ये त्याने पाय जास्त भरून येतात. यांना पुढे वाकणारे व्यायाम हवेत: पाठीवर झोपून गुडघे छातीशी, पोटाचे खोल स्नायू, मांड्यांची ताकद, खुर्चीतून उठ-बस. आणि घरात उभी सायकल. चालणं बंद करायचं नाही, तुकड्यांत करायचं. पाय भरून यायच्या थोडं आधी बसायचं, मग पुन्हा. चाकांचा वॉकर घेतला, ज्यावर जरा पुढे झुकता येतं, तर अंतर एकदम वाढतं. पण लोकांना वॉकरची लाज वाटते. आईंना शिक्षिका म्हणून सगळे ओळखत असतील, त्यांनाही वाटेल. त्यांच्याशी तेवढं बोलून बघा.

पट्टा प्रवासापुरता. दिवसभर बांधून ठेवला की स्नायू कामचुकार होतात.

क्षिप्रातीर

बघा, म्हणजे व्यायामानेच होतंय ना?

पाऊलवाट

काहींचं होतं. २०१५ साली अमेरिकेत १६९ रुग्णांवर अभ्यास झाला, सगळे ऑपरेशनला तयार असलेले. निम्म्यांना ऑपरेशन, निम्म्यांना फिजिओ दिली. दोन वर्षांनी दोन्ही गटांची हालचाल सारखीच. पण मी प्रामाणिकपणे पुढचंही सांगते: फिजिओच्या गटातल्या निम्म्याहून अधिक लोकांनी मधल्या काळात ऑपरेशन करून घेतलं. त्यामुळे मी कुणाला 'ऑपरेशन टळेलच' असं वचन देत नाही. दोन-तीन महिने मनापासून करून बघा म्हणते.

बडोदेकर_सून

विषयांतर करते. आमच्याकडे बडोद्याला सासूबाईंचं सगळं दुखणं बैठकीशी येऊन थांबायचं. देवपूजा खाली पाटावर, जेवण खाली, संडास भारतीय पद्धतीचा. डॉक्टर सांगून थकले. शेवटी देवघरच उंच ओट्यावर नेलं आणि समोर खुर्ची ठेवली, तेव्हा कुठे ऐकलं. 'देव वर गेले, मीही वर बसते' म्हणाल्या. इंदूरला दाल-बाफल्याच्या पंगती अजून खालीच बसतात ना?

पैठणी

बसतात हो! खाली बसायला सगळे येतात, उठताना शेजारच्याचा खांदा लागतो. आता बहुतेक ठिकाणी वयस्कांसाठी एका बाजूला टेबल-खुर्च्या असतातच. आणि इथल्या सानंद संस्थेच्या नाटकाला गेलं की पायऱ्यांच्या कडेची जागा मिळवायला मावशी सगळ्यांच्या आधी पोचते.

तिलकनगर_इंदूर

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन-चारदा वाचलं. पहिल्यांदाच आईला नक्की काय होतंय ते डोळ्यांपुढे आलं.

@जुना_एमजीएम, उत्तरं देते. लघवी-शौचाचा त्रास नाही. पायाची नाडी लागते म्हणाले. बी-१२ कुणी तपासलं नाही, आम्ही पूर्ण शाकाहारी. जिन्यावर कठडा धरल्याशिवाय उतरत नाही, रात्री बाथरूमला जाताना भिंतीला हात लावत जाते. आम्हाला वाटलं पाय दुखतात म्हणून. हातांचं म्हणाल तर दुखत नाहीत. पण हल्ली ब्लाउजची हुकं लावायला मला हाक मारते, आणि अक्षर बिघडलंय. तिचं अक्षर फार सुंदर होतं, फळ्यावरचं बघायला दुसऱ्या वर्गातल्या बाई यायच्या. वयाचं म्हणून आम्ही सोडून दिलं होतं.

जुना_एमजीएम

ताई, कमरेचा निर्णय बाजूला ठेवा. आधी मान तपासून घ्या, याच आठवड्यात.

कारण सांगतो. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो, त्याखाली फक्त नसांचा जुडगा असतो. एल ४-५ ला कितीही दाब असला तरी त्याने हुकं लावणं अवघड होऊ शकत नाही की अक्षर बिघडू शकत नाही. बोटांची सफाई जाणं, तोल जाणं, अंधारात भिंत धरावी लागणं, हे वरून येतंय. मानेतल्या झिजेने मज्जारज्जूच दाबला जात असेल तर त्याला सर्व्हायकल मायलोपॅथी म्हणतात. मान दुखलीच पाहिजे असं नाही, म्हणूनच हा आजार महिनेच्या महिने, कित्येकदा वर्षं, निसटतो. जगभरात प्रौढांचा मज्जारज्जू निकामी होण्याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे. मान आणि कंबर दोन्ही एकाच माणसात अरुंद असणंही विरळा नाही.

दुसरी शक्यता बी-१२ ची. शाकाहार, त्यात मेटफॉर्मिन, दोन्हींनी ते कमी होतं, आणि त्याच्या अभावानेही तोल जातो, मुंग्या येतात. दोन्ही एकदम असू शकतात. रक्त आजच द्या.

घरी एवढं बघा: दहा सेकंदांत मूठ पूर्ण उघडून पूर्ण मिटायची, किती वेळा होते मोजा. साधारण वीस वेळा जमायला हवी. आणि टाचेला पंजा लावून सरळ रेषेत चालताना, तुम्ही शेजारी उभं राहून. हे निदान नाही, पण डॉक्टरांना सांगायला उपयोगी. डॉक्टर हातोडीने रिफ्लेक्स बघतील, मधलं बोट टिचकावून हॉफमनचं चिन्ह (मज्जारज्जूवरच्या दाबाची खूण) बघतील, तळपायावर रेघ ओढतील. ज्यांनी आजवर रिपोर्टच बघितला आणि आईंना पलंगावर घेऊन तपासलं नाही, त्यांच्याकडे परत जाऊ नका.

क्षिप्रातीर

डॉक्टर, क्षमा करा, पण एका हुकावरून एवढं? सत्तरीत कुणाचं अक्षर बिघडत नाही? त्यांना आधीच दोन मतांनी भंडावलंय, तुम्ही आणखी एका एमआरआयचा खर्च आणि भीती घातलीत.

जुना_एमजीएम

तुमचा राग मी समजतो. सासऱ्यांचं जे झालं त्यानंतर तो रास्तच आहे. हुक, अक्षर, जिना, अंधारातली भिंत, ही चार बोटं एकाच दिशेला आहेत म्हणून लिहिलं. कमरेच्या नसांना उसंत देता येते, मज्जारज्जूला नाही. तिथे गेलेलं पुष्कळदा परत येत नाही.

रामबागवाला

क्षिप्रातीरजी, माझ्या बाबांचं नेमकं असंच. पेटी वाजवायचे. बोटं चुकायला लागली, तेव्हा आम्ही सगळे म्हणालो रियाज कमी पडतोय. मग चालताना पाय फेकल्यासारखे पडायला लागले. बाथरूमात पडले तेव्हा मानेचा एमआरआय निघाला. ऑपरेशननंतर चाल सुधारली, आज काठी न घेता खजराण्याच्या गणपतीला जाऊन येतात. बोटांतला बधिरपणा मात्र राहिला. पेटी परत उघडली, पण सोप्या चीजा वाजवतात. आधी कळलं असतं तर, हे बाबा कधी बोलत नाहीत, मी मनात म्हणतो. ताई, जाऊन या.

पाऊलवाट

ताई, तपासणी होईपर्यंत मानेला मालिश, ट्रॅक्शन, झटके काही नाही. व्यायाम सध्या थांबवा, मी वर सांगितलेलेही. बाथरूमला रबरी पायपुसणं, रात्री छोटा दिवा, कमोडशेजारी धरायला दांडा. पडू द्यायचं नाही, एवढंच आता काम.

विजयनगर२९

मला सकाळी आखडणं वगैरे काही नाही. आज जिमला जाऊन आलो. ताई, आईंना शुभेच्छा. एमआरआयला न्यायला गाडी लागली तर सांगा, मी मेघदूतच्या मागे राहतो.

तिलकनगर_इंदूर

उशीर झाला लिहायला. मूठ अकरा वेळा झाली. तेव्हाच पोटात गोळा आला.

न्यूरोसर्जनकडे गेलो. त्यांनी रिपोर्ट उघडायच्या आधी आईला चालवलं, गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय उडाला. मानेचा एमआरआय: सी ५-६ ला मज्जारज्जूवर दाब, आणि रज्जूत रंगबदल आहे म्हणतात, सी ४-५ लाही थोडा. बी-१२ पण फार कमी, इंजेक्शनं सुरू केली. त्यांच्या मते मान आधी, आणि आठवड्यांत, महिन्यांत नव्हे. समोरून, गळ्याच्या बाजूने चीर देऊन. कमरेचं नंतर बघू.

आईला सगळं खरं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे अक्षर वयामुळे नाही गेलं तर." तिला बरंच वाटलं ते ऐकून.

अक्षर परत येईल का? आणि कमरेचं खरंच थांबू शकतं का?

जुना_एमजीएम

चांगलं झालं वेळेत कळलं. त्यांचा क्रम योग्य आहे. २०१७ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात: मध्यम आणि तीव्र मायलोपॅथीला ऑपरेशन, सौम्य असेल तर ऑपरेशन किंवा देखरेखीखाली पुनर्वसन, आणि बिघडत गेलं तर ऑपरेशन. शिवाय कमरेच्या ऑपरेशनला पालथं झोपवून भूल देताना दाबलेल्या मानेला धोका असतो, म्हणूनही मान आधी.

अक्षराचं वचन कुणी देऊ नये. पहिला हेतू घसरण थांबवणं. बऱ्याच जणांत त्यापुढे सुधारणा होते, सगळ्यात जास्त पहिल्या सहा महिन्यांत. रंगबदल म्हणजे रज्जूला इजा झाल्याची खूण, म्हणून पूर्ण भरपाईची खात्री नाही, पण आईंनी लिहिणं सोडू नये. रोज दोन ओळी, जाड पेनाने.

समोरून केलेल्या ऑपरेशननंतर काही दिवस गिळायला त्रास आणि आवाज बसणं सामान्य आहे. पातळ मऊ अन्न ठेवा, मुगाची खिचडी, कढी. आधी साखरेची तीन महिन्यांची सरासरी नीट आहे ना ते बघा, जखम भरायला ते फार महत्त्वाचं.

आता तुमचा मूळ प्रश्न. मानेनंतर तीन-चार महिन्यांनी कमरेकडे वळा. तेव्हा पायांचा किती त्रास खरोखर कमरेचा होता हे कळेल, काही भाग मान आणि बी-१२ चाही असेल. मग एकच मोजमाप: आई किती चालू शकतात आणि त्यांना किती चालायचंय. घरातल्या घरात फिरण्यात समाधान असेल आणि दुखणं सोसवत असेल तर थांबा. सानंदच्या नाटकाला जायचंय आणि जाता येत नाही, व्यायाम मनापासून करून झाला, तर ऑपरेशन वाजवी आहे. इंजेक्शनवर फार भिस्त नको. २०१४ साली ४०० रुग्णांवर अभ्यास झाला, भुलीच्या औषधात स्टिरॉइड मिसळून दिलं काय आणि न मिसळता दिलं काय, सहा आठवड्यांनी म्हणण्यासारखा फरक नव्हता.

आणि स्क्रू घालायचेच का, हा प्रश्न तेव्हा नक्की विचारा. स्वीडनच्या २०१६ च्या अभ्यासात मणका घसरलेल्यांतही नुसतं डीकॉम्प्रेशन फ्यूजनइतकंच उपयोगी ठरलं, २०२१ साली नॉर्वेतही तसंच दिसलं. त्याच २०१६ च्या एका अमेरिकन अभ्यासात फ्यूजनचा थोडा फायदा दिसला, म्हणून वाद मिटलेला नाही. वाकून आणि ताठ उभं राहून एक्स-रे काढतात, मणका हलताना बराच सरकत असेल तर स्क्रूचं कारण पटतं. आईंची घसरण ग्रेड १ आहे आणि मुख्य त्रास पायांचा आहे. मी असतो तर आधी नुसत्या डीकॉम्प्रेशनचा विचार केला असता.

मोरसली_गल्ली

खर्चाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सगळ्यांना आयुष्मानमध्ये वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार आहेत, उत्पन्नाची अट नाही, फक्त आधार लागतं. वय वंदना कार्ड काढा. आई सरकारी शाळेत असतील आणि दुसऱ्या सरकारी योजनेत असतील तर त्यांना एक निवडावी लागेल. भरती व्हायच्या आधी हॉस्पिटलच्या आयुष्मान काउंटरवर विचारा की या ऑपरेशनचं पॅकेज त्यांच्याकडे आहे का. नंतर धावपळ नको.

क्षिप्रातीर

ताई, मी वर जे लिहिलं ते सासऱ्यांच्या दुःखातून लिहिलं. कमरेबद्दल माझं मत अजून तेच आहे, घाई करू नका. मानेबद्दल डॉक्टर म्हणतात तसंच करा. आमच्याकडे सासऱ्यांचा चाकांचा वॉकर आणि कमोडची खुर्ची धुऊन पुसून ठेवलेली आहे. दोन्ही चांगल्या स्थितीत. सुदामानगरला राहतो.

तिलकनगर_इंदूर

क्षिप्रातीरजी, काय बोलू. रविवारी सकाळी यायला चालेल?

क्षिप्रातीर

दहापर्यंत या. खुर्ची मोठी आहे, स्कूटरवर मावणार नाही.

विजयनगर२९

गाडी मी आणतो. ताई, साडेनऊला तुमच्या गल्लीच्या तोंडाशी.